निग्रह सवलत

जिनदत्त चौगुले याला आपल्या बायकोचा हेवा वाटू लागला, तो करसवलतीच्या एका निरोपावरून.

दिवाळीतला पाडवा होता. त्रिशलाने त्याला ओवाळले, त्याने तबकात नोटेचे पाकीट ठेवले, आणि तेवढ्यात दोघांचेही फोन एकदम वाजले. सरकारच्या निग्रह सवलतीची पहिली यादी लागली होती. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत कोणी किती इच्छा आवरल्या आणि त्याबद्दल कोणाचा किती कर माफ झाला, त्याचा हिशेब प्रत्येकाला आला होता. त्रिशलाच्या पडद्यावरचा आकडा तबकातल्या पाकिटाहून बराच मोठा होता. जिनदत्तच्या पडद्यावर शून्य होते. गोल, गुळगुळीत, देवळाच्या फरशीसारखे थंड शून्य.

निरांजन विझू नये म्हणून त्रिशलाने हाताचा आडोसा केला आणि ती आत गेली.

योजनेमागचा विचार साधा होता. कुपवाडच्या कामगार वसाहतीत तो शेंबड्या पोरालाही समजावून सांगता आला असता. जुन्या करसवलतीत एक अन्याय दडलेला होता. ज्याच्या घरात पैसा उरतो, तो उरलेलाच पैसा ठेवीत टाकून कर वाचवी. आणि जो पोटाला चिमटा काढून शंभर रुपये बाजूला ठेवी, त्याच्या शंभराचे मोल शंभरच राही. उरलेले ठेवणे वेगळे आणि इच्छा मारून ठेवणे वेगळे, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण मारलेली इच्छा मोजायची कशी, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ते मोजण्याचे साधन आता आले होते. मनगटावर एक पातळ कडे आणि कानामागे नाण्याएवढी चकती. माणसाला काही हवेसे वाटले की त्याची नाडी किंचित धावते, तळहाताला सूक्ष्म ओल येते. ती खूण कडे टिपते. मग माणूस स्वतःला थांबवतो. त्या थांबण्याच्या क्षणी कपाळामागच्या मेंदूतून एक संथ लहर निघते. ती चकती टिपते. ओढ आणि लगाम या दोन खुणा एकापाठोपाठ आल्या आणि हात पुढे झाला नाही, की कडे पालीसारखे एकदा चुकचुके आणि एका निग्रहाची नोंद होई. ओढ जितकी मोठी, तितकी नोंदीची उंची जास्त. उंची जितकी जास्त, तितकी सवलत मोठी. नाटक करून यंत्राला फसवता येत नसे, कारण जे हवेसेच वाटत नाही ते आवरता येत नाही.

ओढ कशाची, हे मात्र यंत्राला कळत नसे. साडीची की भज्यांची की माणसाची, त्याच्या लेखी सारे सारखे. सरकारने त्यावर सांगितले होते की संयम हा एकच स्नायू आहे. जो एक इच्छा आवरतो तो खिसाही आवरतो.

वसाहतीतल्या लोकांनी या नोंदींना सरळ ‘आवर’ असे नाव दिले. संध्याकाळी कट्ट्यावर आज किती आवर झाले याच्या गप्पा चालत. वरच्या मजल्यावरचा सुकुमार मगदूम त्यात सगळ्यांत पुढे. तो जिनदत्तच्याच ओतकाम कारखान्यात भट्टीवर होता. एकटाच राही, जिन्यावरून शीळ घालत चढे, आणि द्राक्षांच्या दिवसांत सगळ्या दारांना एकेक घड वाटत फिरे. भेळेच्या गाड्यासमोर पाच मिनिटे नुसता उभा राहून आपण अर्ध्या दिवसाची सवलत कमावतो, असे तो खुशाल सांगे.

“आणि हे आमचे चौगुले,” तो म्हणे, “साधू माणूस. काही मागणं नाही, काही लागणं नाही. गड्या, सरकारला साधूंचा उपयोग नसतो.”

लोक हसत. जिनदत्तही हसे, पण ते हसू घशाखाली उतरत नसे.

कारण हा टोला खरा होता. पहिल्या पगारापासून जिनदत्तने बचत केली होती. चहा सोडला होता, सिनेमा सोडला होता, नवी चप्पल जुनीचा अंगठा तुटल्याखेरीज घेतली नव्हती. आता त्याला त्यातले काहीच हवेसे वाटत नसे, आणि म्हणून यंत्र त्याच्याकडे पाहून गप्प बसे. तशीच गत त्याच्या सुंदराआत्याची. आत्या त्यांच्याच घरी राही आणि शेवया वळून चार पैसे मिळवी, म्हणून तिच्याही हातात कडे होते. गेल्या तीस वर्षांत तिने एकेका चातुर्मासाला एकेक नियम घेतला होता: कंदमुळे सोडली, साखर सोडली, सूर्यास्तानंतरचे पाणीसुद्धा सोडले. त्यांच्या समाजात तिच्या नियमांचे कौतुक होते. तिच्या कड्याने मात्र एकदाही चुकचुक केली नव्हती.

“पहिलं वर्ष जड जातं रे,” शेवया वाळत घालता घालता आत्या त्याला म्हणाली होती. “जीभ मागते, आपण नाही म्हणायचं. मग एक दिवस ती मागायचीच बंद होते. त्याला काय ते तुझं यंत्र पैसे देणार?”

पाडव्याच्या त्या दिवशी जिनदत्तला आत्याचे शून्य आठवले, आपले आठवले, आणि मग त्रिशलाचा आकडा आठवला. त्रिशला दूध संघाच्या प्रयोगशाळेत सकाळी साडेआठ ते दुपारी अडीच नमुने तपासण्याचे काम करी. तिचे राहणे त्याच्याइतकेच साधे. दुकानाच्या काचेसमोर ती कधी रेंगाळत नसे. मग इतके आवरण्यासारखे तिच्याजवळ होते तरी काय?

प्रश्न आधी पैशाचा होता. दुसऱ्या दिवशी तो पैशाचा राहिला नाही.

*

पतिपत्नींनी एकत्र नोंदणी केली तर सवलत दीडपट होई, आणि ती थेट घराच्या संचयात जमा होई. जिनदत्त आणि त्रिशला यांनी माधवनगरच्या बाजूला दोन खोल्यांचे घर पाहून ठेवले होते. या दीडपटीवर ते एप्रिलमध्ये हाती येणार होते. अट एकच होती. मार्चअखेर प्रत्येकाने जोडीदाराचा तक्ता पाहून, यातले निग्रह माझ्या माहितीप्रमाणे खरे आहेत, अशी सही करायची. त्यासाठी एकमेकांचा तक्ता दर आठवड्याला उघडून पाहता येई. त्यात कारण नसे. फक्त दिवस, वेळ आणि उंची.

त्रिशलाने आपला तक्ता त्याच्यासाठी पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी खुला केला. कसलाही विचार न करता, जेवताना मीठ पुढे सारावे तसा.

जिनदत्त कारखान्यात ओतीव भाग तपासत असे. लहान हातोडीने लोखंडावर टिचकी मारायची आणि नादावरून आत कुठे पोकळी राहिली आहे ते ओळखायचे. नव्या यंत्रांनाही जी पोकळी सापडत नसे ती त्याच्या कानाला सापडे. त्याच कानाने तो तक्ता ऐकू लागला. बारीकसारीक नोंदी इकडेतिकडे विखुरलेल्या होत्या. त्या कोणाच्याही असतात. पण आठवड्यातून सहा दिवस, रोज एकदा, एक उंच सुळका उभा होता. एका आठवड्यात तो दुपारी तीन चाळीसला. पुढच्या आठवड्यात रात्री अकरा चाळीसला. त्याच्या पुढच्या आठवड्यात सकाळी सात चाळीसला. मग पुन्हा दुपारी तीन चाळीस. रविवारी काही नाही.

भेळेची ओढ अशी घड्याळ बदलत फिरत नाही. हे माणसाचे घड्याळ होते. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या, कामावरून सुटून अर्ध्यापाऊण तासात जवळ येणाऱ्या एखाद्या माणसाचे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तो लवकर गेला. फाटकाजवळच्या फलकावर सहामाहीचा शिफ्टचा तक्ता आडनावांच्या अनुक्रमाने लावलेला असे. त्याने आपल्या फोनमधले आकडे त्याच्यावर एकेक करून ताडून पाहिले. बोट एका नावावर येऊन थांबले. मगदूम सुकुमार. आठवडा आठवड्याला जुळत होता, पाळी पाळीला जुळत होती. एका आठवड्यात तो रजेवर गावी गेला होता तेवढा सोडून. त्या आठवड्यातही सुळके होते, पण जिनदत्तने त्यांच्याकडे पाहिले न पाहिल्यासारखे केले. मत्सराला पुरावा पुरेसा झाला की तो उरलेल्या कागदाची घडी घालतो.

आता त्याला सगळेच दिसू लागले. सुकुमार आणि तो एकाच वेळी सुटत, एकामागोमाग गाड्या लावत, एकाच जिन्याने वर येत. जिनदत्त घरात शिरून थेट न्हाणीघरात जाई. भट्ट्यांच्या आणि हातोड्यांच्या गजराने कान भरलेले असत. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने सांगून ठेवले होते, की कामावरून आल्यावर तासभर त्याला कोणी हाक मारायची नाही, काही विचारायचे नाही. त्रिशलाने ते मान्य केले होते. तो न्हाणीघराचे दार लावी त्याच क्षणी सुकुमारची शीळ त्यांच्या दारावरून वर जाई.

म्हणजे सुळकाही त्याच क्षणीचा.

एका दुपारी त्याने न्हाणीघराचे दार पूर्ण लावले नाही. फटीतून पाहिले. त्रिशला बाहेरच्या खोलीत जिन्याच्या दाराकडे पाठ करून उभी होती. हातात पाण्याचा पेला. तिची बोटे पेल्याभोवती इतकी आवळलेली होती की नखे पांढरी पडली होती. जिन्यात शीळ वाजली. तिचे कडे चुकचुकले.

जिनदत्तने डोक्यावर पाणी ओतून घेतले. ते गरम होते की गार, हे त्याला कळले नाही.

*

हेवा माणसाला विद्वान करतो. त्या हिवाळ्यात जिनदत्त आपल्या बायकोचा इतका बारकाईने अभ्यास करू लागला, जितका त्याने लग्नाच्या तीन वर्षांत कधी केला नव्हता. ती केस कोणत्या खांद्यावरून पुढे घेते, जिन्यात पाऊल वाजले की पोळी लाटणारा हात किती थांबतो, द्राक्षांच्या घडातले पहिले द्राक्ष ती आत्याला देते की स्वतः खाते. तो तिला नव्याने पाहत होता, आणि पाहत होता ते दुसऱ्याच्या नजरेने. सुकुमारला हिच्यात काय दिसत असेल, असे मनाशी म्हणत तो पाही, आणि त्याला बरेच काही दिसे. तिच्या मानेवर एक तीळ होता. तो तिथे तीन वर्षे होता.

तिने काहीही केलेले नव्हते, हीच त्याची खरी वेदना होती. केले असते तर भांडता आले असते. इथे तर सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध होत होते, की ती रोज स्वतःला आवरते. तिच्या पातिव्रत्याची पावती दर सोमवारी येत होती, आणि पावतीवर जी उंची लिहिलेली होती तितके आपण तिला कधी हवे होतो का, हा प्रश्न त्याला पोखरत होता. जी गोष्ट घडतच नाही तिचा मत्सर कसा करायचा, आणि करायचा नाही तर त्याचे करायचे काय?

मग जानेवारीत त्याला दिलासा मिळाला. सुळके खचू लागले होते.

नोव्हेंबरात ज्यांची उंची सत्तरच्या घरात होती, ती साठावर आली. मग अठ्ठेचाळीस. संक्रांतीनंतर पस्तीस. दर सोमवारी तो तक्ता उघडी आणि आकडा आणखी उतरलेला पाहून त्याचा श्वास मोकळा होई. सुकुमारची जादू ओसरत होती. फेब्रुवारीत आकडा वीसवर आला तेव्हा जिनदत्तने कित्येक वर्षांनी कारखान्याच्या उपाहारगृहात चहा घेतला, आणि सुकुमारच्या एका विनोदाला मनापासून हसला. देवळात उभे राहून त्याने डोळे मिटले आणि एकच मागणे मागितले: हे शून्य होऊ दे.

सवलतही त्या मानाने घटली होती. पण घरासाठी लागणारी रक्कम आधीच्या महिन्यांवरच पुरी झाली होती. आता फक्त सही उरली होती.

*

मार्चच्या शेवटच्या रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, त्रिशलाने सहीचे पान त्याच्यासमोर उघडून ठेवले. आत्या गॅलरीत शेवयांच्या चटया उलटत होती. शेवटचा आकडा नऊ होता. सही करायची आणि विषय मिटवायचा, असे जिनदत्तने ठरवलेले होते. पण ‘माझ्या माहितीप्रमाणे खरे’ या शब्दांवर नजर गेली, आणि चार महिने साचलेले सगळे त्याच्या ओठांवर आले. कडे गप्प होते. कारण त्याने ते आवरले नाही.

“सही करतो,” तो म्हणाला. “पण सुकुमारसमोर करतो. साक्षीदार म्हणून. त्याच्याचमुळे मिळालंय ना हे घर.”

त्रिशलाला आधी समजलेच नाही. मग त्याने तिला सारे सांगितले. सुळके, पाळ्या, फलक, न्हाणीघराची फट. सांगताना त्याचा आवाज चढला नाही. एखाद्या सदोष भागाचा अहवाल वाचावा तसा तो वाचत गेला. शेवटी त्याने फोनवर शिफ्टच्या तक्त्याचे छायाचित्र उघडून तिच्यापुढे सरकवले आणि मगदूम या नावावर बोट ठेवले.

तिने ते बराच वेळ पाहिले. रडली नाही, रागावलीही नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहून त्याला एकदम भीती वाटली, कारण ती दया होती.

तिने आपले बोट त्याच्या बोटाशेजारी ठेवले आणि हळूहळू वर नेले. एक ओळ, दुसरी ओळ, चार ओळी, सात ओळी.

“हे कोणाचं नाव आहे?” तिने विचारले.

चौगुले जिनदत्त. तीच पाळी, तोच आठवडा, तोच रविवार. आणि सुकुमार गावी गेला होता त्या आठवड्यातही कामावर हजर.

चार महिने तो त्या फलकासमोर उभा राहिला होता. कारखान्यातल्या चाळीसेक माणसांची नावे त्याने तपासली होती. स्वतःचे सोडून.

“माझ्या वेळचं?” तो म्हणाला. “मी आल्यावर?”

“दारातून आत येऊन न्हाणीघरात जाता ना, तेव्हा.”

“काय वाटतं तेव्हा?”

त्रिशलाने मांडीवरच्या पदराची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “हात धरावासा वाटायचा,” ती म्हणाली. “एवढंच. भट्टीजवळून आलेला असतो, गरम असतो अजून. तुम्ही म्हणाला होता, तासभर काही नको. मग पेला हातात धरून ठेवायची. म्हणजे हात रिकामा राहत नाही.”

गॅलरीत चटई उलटल्याचा आवाज झाला. जिनदत्तच्या मनात काही क्षण नुसता प्रकाश होता. तो ज्या माणसाचा चार महिने मत्सर करत होता, तो माणूस तो स्वतःच होता. कोणीतरी त्याची इतकी वाट पाहत होते की सरकारला त्याची किंमत मोजावी लागली. त्याला हसावेसे वाटले. मग नजर पुन्हा पानावर गेली. सत्तर, साठ, अठ्ठेचाळीस, पस्तीस, वीस. नऊ.

“मग हे उतरलं कसं?” त्याने विचारले. विचारतानाच उत्तर त्याला ठाऊक होते.

“मला नाही सांगता यायचं,” त्रिशला म्हणाली. तिचा आवाज खरोखरच शोध घेणारा होता. “आत्यांना विचारा. त्यांनी एवढे नियम घेतलेत.”

त्याने विचारले नाही. देवळात आपण काय मागितले होते ते त्याला आठवले, आणि ते जवळजवळ मिळाले होते.

“सही करा,” ती उठता उठता म्हणाली. “त्यात खोटं काही नाही.”

त्याने सही केली. क्षणातच निरोप आला. शासनाने चौगुले दांपत्याचे हार्दिक अभिनंदन केले होते.

*

सोमवारी पहिली पाळी होती. दिवसभर तो टिचक्या मारत राहिला आणि प्रत्येक लोखंडातून त्याला पोकळीच ऐकू आली. दोन चांगले भाग त्याने चुकून बाद केले. तीनला सुटला. जिन्यावर सुकुमार मागून शीळ घालत होता. आपल्या मजल्यावर जिनदत्त थांबला आणि त्याला वाट दिली. या माणसावर काही कारण नसताना आपण इतका राग खर्च केला, या विचाराने तो ओशाळला होता.

“काय साधूबुवा,” सुकुमार जाता जाता म्हणाला, “आज तरी आवर झाला का एखादा?”

दार उघडे होते. तीन चाळीस झाले होते. त्रिशला पाण्याचा पेला घेऊन आली, आणि आज तिने तो हातात धरून ठेवला नाही. टेबलावर ठेवला, साध्या सवयीने, आणि ती खिडकीतले वाळलेले कपडे काढू लागली. तिचे कडे शांत होते. जिनदत्त न्हाणीघराकडे गेला नाही. खोलीच्या मध्यावर उभा राहिला. भट्टीची ऊब अजून तळहातांत होती. ती आता कोणाच्याही उपयोगाची नसल्यासारखी हळूहळू निवत होती.

तिच्या मानेवरचा तीळ इथून दिसत होता. चार पावले. चार पावले चालून हात पुढे करायचा, एवढेच. त्याच्या छातीत काहीतरी उठले, इतक्या जोराने की त्याला वाटले आपण आजारी आहोत. एवढे दिवस हिला हे रोज होत होते? रोज, आणि उभ्याने? त्याने हात उचलला. पण मागण्याचा हक्क आपण कुठे ठेवला आहे? तिने हात दिला आणि तो नुसताच हात असला तर? नऊवरून आज तो आकडा किती झाला असेल? हात तसाच खाली आला. बोटे मिटली.

खोलीत पाल चुकचुकावी तसा आवाज झाला.

त्याने चटकन तिच्या मनगटाकडे पाहिले. ती कपडे हातात घेऊन वळली होती, आणि त्याच्या मनगटाकडे पाहत होती.

“तुमचं वाजलं,” त्रिशला म्हणाली.

तास अजून संपायचा होता.